अग्नी-5, एमआयआरव्ही आणि अण्वस्त्रांचा धाक : राज्यसेवा-यूपीएससी करणाऱ्या पोरांसाठी धागा

पांझराकाठ

परवा धुळ्याच्या आमच्या अभ्यासिकेत 150 शब्दांचा एक प्रश्न दिला होता. ‘एमआयआरव्ही तंत्रज्ञानामुळे भारताची अण्वस्त्र प्रतिरोधकता कशी बळकट होते?’ (एमआयआरव्ही म्हणजे एकाच क्षेपणास्त्रातून अनेक वॉरहेड, म्हणजे टोकावरचे स्फोटक भाग, वेगवेगळ्या लक्ष्यांवर सोडणं. प्रतिरोधकता म्हणजे समोरच्याने हल्लाच करू नये असा धाक.) 22 पोरांनी लिहिला. रात्री तपासायला बसलो आणि सातव्या-आठव्या पेपरनंतर लाल पेन खाली ठेवला. सगळ्यांचं उत्तर तेच. 11 मार्च 2024, मिशन दिव्यास्त्र, अग्नी-5, ओडिशातलं डॉ. एपीजे अब्दुल कलाम बेट, पल्ला 5000 किलोमीटरहून जास्त, एका क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड, ‘त्यामुळे भारताची प्रतिरोधकता बळकट झाली.’ त्या ‘त्यामुळे’भोवती मी प्रत्येक पेपरात गोल काढला. तारीख बरोबर, बेट बरोबर, पल्ला बरोबर. पण कशामुळे, ते एकाही पेपरात नव्हतं.

पोरांवर राग नाही माझा. दिव्यास्त्रच्या चाचणीनंतर काही महिन्यांनी माझी स्वतःची मुलाखत होती. समोरच्या सदस्यांनी अगदी शांतपणे विचारलं, ‘आपण म्हणतो की आम्ही अण्वस्त्र आधी वापरणार नाही. मग एकाच क्षेपणास्त्रावर इतकी वॉरहेड कशाला हवीत?’ मी तारीख सांगितली, पल्ला सांगितला. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि शेजारच्या सदस्यांना म्हणाले, ‘घ्या, तुम्ही विचारा.’ तो ग्लास अजून डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून हा धागा. मला समजलंय तेवढं लिहितो, चुकलं तर सांगा.

आधी बॅलिस्टिक म्हणजे काय ते. शिरपूर तालुक्यात आमची थोडी शेती आहे. ज्वारी दाण्यात आली की आबा, म्हणजे माझे आजोबा, माळ्यावर बसायचे गोफण घेऊन. दोन-तीन गरके आणि एक दोरी सोडली की खडा सुटायचा. जोर, दिशा, उंची, जे काय करायचं ते दोरी सुटेपर्यंत. खडा एकदा सुटला की आबांचा त्याच्यावर हक्क संपला, पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र असंच चालतं. अग्नी-5 चे तीन टप्पे आहेत, तिन्ही घन इंधनाचे. पहिल्या काही मिनिटांत ते जळून संपतात आणि उरलेला सगळा प्रवास, बराचसा वातावरणाच्या बाहेरून, हा सुटलेल्या खड्याचा प्रवास असतो. ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र आहे. त्याचं इंजिन शेवटपर्यंत चालू असतं आणि ते वातावरणातूनच जातं. हा फरक पूर्व परीक्षेला कधीही येऊ शकतो. 2014 च्या यूपीएससी पूर्वपरीक्षेत अग्नी-4 वर प्रश्न होता. त्यात ‘फक्त द्रव इंधन’ आणि ‘7500 किलोमीटर’ ही दोन चुकीची विधानं घातली होती आणि बऱ्याच जणांचे गुण तिथेच गेले.

आता मुद्द्याचं. कधी पाखरांचा थवाच उतरला तर आबा गोफणीत एक खडा न ठेवता मूठभर बारीक खडे ठेवायचे. ते सुटले की फाकायचे आणि थव्यावर पडायचे. पण कुठला खडा कुठे पडणार हे आबांनाही सांगता यायचं नाही. याला म्हणायचं एमआरव्ही. वॉरहेड अनेक, पण सगळी एकाच लक्ष्याच्या आसपास पडतात. अमेरिकेच्या पाणबुड्यांवरचं पोलारिस ए-3 हे 1964 पासून असंच होतं, तीन वॉरहेड आणि लक्ष्य एक. एमआयआरव्ही म्हणजे ‘मल्टिपल इंडिपेंडंटली टार्गेटेबल रीएंट्री व्हेईकल’. त्यातला ‘आय’ म्हणजे ‘इंडिपेंडंटली’, स्वतंत्रपणे. मुठीतल्या प्रत्येक खड्याला त्याचं वेगळं पाखरू नेमून दिलेलं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या एका गाईडमध्ये दोन्हींना एकच व्याख्या छापलेली मी स्वतः पाहिली आहे.

हे कसं साधतात? तिसरा टप्पा गळून पडल्यावर पुढच्या भागात एक छोटं वाहन उरतं. त्याला इंग्रजीत चक्क ‘बस’ म्हणतात. त्याचं स्वतःचं दिशादर्शन असतं आणि बारीक बारीक इंजिनं असतात. ते अवकाशात वळतं, स्वतःला नेमका धक्का देतं, एक वॉरहेड अलगद सोडतं, पुन्हा वळतं, पुन्हा धक्का, दुसरं सोडतं. आपली धुळे-जळगाव एसटी पारोळ्याला, एरंडोलला माणसं उतरवते तसं म्हणायला हरकत नाही. फक्त ही बस थांबत नाही आणि उतरलेला प्रवासी तिच्याच वेगाने पुढे जात राहतो.

धाकाचं पुढच्या पोस्टीत लिहितो. आधी कुणाला इथपर्यंत काही विचारायचं असेल तर विचारा.

भुसावळ जंक्शन

सर, माझं बालपण ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत गेलं. आमच्या भुसावळच्या फॅक्टरीत पिनाकाचे पॉड बनतात, लहानपणापासून ऐकत आलोय. पिनाकाच्या एका गाडीवरून 12 रॉकेट 44 सेकंदांत सुटतात. मग पिनाका पण एमआयआरव्हीच झालं ना? मी एका टेस्टमध्ये तसं लिहिलं होतं आणि गुण कापले. का कापले ते कुणी सांगितलं नाही.

पांझराकाठ

भाऊ, गुण बरोबर कापले, पण कारण सांगायला हवं होतं. पिनाकात 12 रॉकेट म्हणजे 12 वेगळी वाहनं. प्रत्येकाचं इंजिन वेगळं, प्रत्येक जमिनीवरून वेगळं सुटतं. तो मल्टी-बॅरल रॉकेट लाँचर, तोफखान्याचं हत्यार, रणांगणावरचं. एमआयआरव्हीत जमिनीवरून सुटतं ते एकच क्षेपणास्त्र, आणि वाटणी होते वर, अवकाशात. गोफणीच्याच भाषेत सांगायचं तर 12 माणसं 12 गोफणी घेऊन उभी राहिली तर तो पिनाका.

शहादेकर

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते, स्पर्धा परीक्षेशी थेट संबंध नाही, पण माझा भाऊ तयारी करतो म्हणून हा धागा वाचला. ‘नेमका धक्का’ हे तुम्ही दोन शब्दांत उरकलंत, पण सगळी मेख तिथेच आहे असं मला वाटतं. म्हणून ढोबळ हिशोब करून बघितला.

समजा बसने वॉरहेड सोडल्यापासून ते जमिनीवर पोहोचायला 20 मिनिटं, म्हणजे 1200 सेकंद लागतात. दोन लक्ष्यांमध्ये आडवं अंतर 100 किलोमीटर, म्हणजे धुळे ते जळगावपेक्षा थोडं जास्त. तर आडवा वेग किती द्यावा लागेल? 1,00,000 मीटर भागिले 1200, म्हणजे सेकंदाला साधारण 83 मीटर. क्षेपणास्त्राचा स्वतःचा वेग त्या वेळी सेकंदाला 6 किलोमीटरच्या घरात असतो, त्यापुढे हे किरकोळ. त्यामुळे बसला फार मोठं इंजिन लागत नाही.

पण आता उलट बाजूने बघा. हा धक्का देताना सेकंदाला फक्त 1 मीटरची चूक झाली, माणसाच्या सावकाश चालीइतकी, तर 1200 सेकंदांत वॉरहेड 1200 मीटर बाजूला जाऊन पडेल. आणि अशी चूक प्रत्येक वॉरहेड सोडताना होऊ शकते. म्हणजे अनेक वॉरहेड वर नेण्यापेक्षा प्रत्येक वेळी स्वतःची दिशा आणि वेग अचूक ओळखणं हे खरं अवघड काम. दिव्यास्त्रच्या वेळी सरकारी निवेदनात ‘स्वदेशी एव्हिऑनिक्स’ आणि ‘उच्च अचूकतेचे सेन्सर’ हे शब्द होते. ते शोभेला नव्हते हे मला हा भागाकार केल्यावर कळलं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. बसचं इंधन मर्यादित, त्यामुळे लक्ष्यं वाटेल तितकी लांब ठेवता येत नाहीत. एक वॉरहेड एका खंडात आणि दुसरं दुसऱ्या खंडात, असं काही काही व्हिडिओत सांगतात, ते चूक आहे.

पांझराकाठ

ताई, हे माझ्या डोक्यात इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. पोरांनो, या पोस्टीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उत्तरात असा एक भागाकार घातला तर तपासणारा पेन थांबवून वाचेल.

शहादेकर

अजून एक, वर्गात घनमूळ शिकवताना हेच उदाहरण घ्यावं की नाही या विचारात आहे, विषय भीषण आहे म्हणून. स्फोटाच्या दाबाने होणाऱ्या नुकसानीची त्रिज्या ही स्फोटशक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 8 पट शक्तीचं एक वॉरहेड टाकलं तर त्रिज्या फक्त 2 पट होते आणि क्षेत्रफळ 4 पट. पण तीच शक्ती 8 छोट्या वॉरहेडमध्ये वाटली तर एकूण क्षेत्रफळ 8 पट. सगळं पाणी एकाच दांडात सोडण्याऐवजी ठिबकने झाडाझाडाला द्यावं, तसं. एकच महाकाय बॉम्ब बनवण्याची शर्यत मागे पडून छोट्या, अनेक वॉरहेडकडे सगळे का वळले त्याचं एक मोठं कारण हे घनमूळ आहे.

रावेरची केळीबाग

सर, मग प्रश्न पडतो. एवढं फायद्याचं असेल तर अमेरिकेने स्वतःच्या मिनिटमन या जमिनीवरच्या क्षेपणास्त्रावरची वॉरहेड कमी का केली? आधी तीन होती, आता एक आहे असं वाचलं. एवढा खर्च करून चढवली आणि पुन्हा उतरवली?

पांझराकाठ

हाच प्रश्न मला त्या मुलाखतीत सुचायला हवा होता. जरा सावकाश वाचा, इथे गडबड करू नका.

सुरुवात झाली ती क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेमुळे. 1960 च्या दशकात सोव्हिएत संघाने मॉस्कोभोवती येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा उभी करायला घेतली. अमेरिकेने विचार केला, त्यांचं एक पाडणारं क्षेपणास्त्र आपलं एक वॉरहेड पाडणार असेल तर आपण एकातून तीन सोडू. त्यांना तीन खर्च करावी लागतील, आपलं वाहन एकच. मिनिटमन-3 ची पहिली चाचणी 1968 मध्ये झाली आणि 1970 मध्ये ते तैनात झालं. अशी 550 क्षेपणास्त्रं, प्रत्येकावर तीन, म्हणजे 1650 वॉरहेड. सोव्हिएत संघाने 1970 च्या दशकातच उत्तर दिलं, त्यांच्या आर-36एम वर तर पुढे 10-10 वॉरहेड आली. 1972 च्या साल्ट या शस्त्रमर्यादा करारात दोघांनी वाहनांची संख्या गोठवली, वॉरहेडची नाही. डबे तेवढेच, प्रवासी वाढत गेले.

आता हिशोब, वहीत मांडून बघा. दोन देश, दोघांकडे 100-100 क्षेपणास्त्रं, सगळी जमिनीतल्या पक्क्या विहिरींत, म्हणजे सायलोत. समोरचा एक सायलो खात्रीने फोडायला दोन वॉरहेड लागतात असं धरा.

प्रत्येकावर एकच वॉरहेड असेल तर मी माझी सगळी 100 डागली तरी तुमचे 50 सायलो फुटतील. तुमच्याकडे 50 उरली, माझ्याकडे शून्य. आधी हल्ला करणारा नागडा झाला. म्हणून दोघंही गप्प बसतात.

आता प्रत्येकावर 10 वॉरहेड. तुमचे 100 सायलो फोडायला मला 200 वॉरहेड हवीत, म्हणजे फक्त 20 क्षेपणास्त्रं. तुमच्याकडे काही उरलं नाही, माझ्याकडे 80 शिल्लक. आधी मारणारा जिंकला. आणि हे गणित तुम्हालाही येतं. मग संकटाच्या रात्री तुमच्या मनात काय येईल? तो मारायच्या आत आपण मारू. तीच भीती इकडे माझ्या मनात. दोघांपैकी कुणालाही युद्ध नको असलं तरी दोघांचाही हात बटणाकडे जातो. पुस्तकात याला ‘संकटकाळातली अस्थिरता’ म्हणतात. शब्द कोरडा आहे, पण 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री सोव्हिएत लष्करातले स्तानिस्लाव पेत्रोव यांच्यासमोर संगणकाने पाच अमेरिकी क्षेपणास्त्रं येताहेत असं दाखवलं, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ जगाच्या अंगावर आला असता. पेत्रोव यांनी तर्क केला की खरा पहिला हल्ला असता तर पाचच क्षेपणास्त्रं का येतील, आणि तो खोटा इशारा म्हणून कळवला. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश निघाला तो.

म्हणूनच अमेरिका-रशियाच्या 1993 च्या स्टार्ट-2 या शस्त्रकपात करारात जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांवर एमआयआरव्ही बंद करायचं ठरलं. तो करार अमलात आलाच नाही. अमेरिका 2002 मध्ये एबीएम करारातून, म्हणजे क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या करारातून, बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने स्टार्ट-2 सोडला. तरी अमेरिकेने मिनिटमनवरची वॉरहेड कमी करत नेली आणि 2014 मध्ये सगळ्यांवर एकेकच उरलं. एका सायलोत तीन ठेवली तर शत्रूसाठी ते जास्त मोलाचं लक्ष्य, एक ठेवलं तर त्याच्यावर दोन खर्च करणं त्याला परवडत नाही. पाणबुड्यांवरच्या ट्रायडंटवर मात्र अनेक वॉरहेड आजही आहेत, कारण पाणबुडी सापडत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल. तेव्हाचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी 1974 मध्ये म्हटलं होतं की एमआयआरव्ही असलेल्या जगाचे परिणाम काय होतील याचा विचार आपण आधी नीट करायला हवा होता.

अमळनेरकर

मग सर, तुम्ही स्वतःच तुमच्या पहिल्या पोस्टीच्या विरोधात उत्तर दिलंत. एमआयआरव्ही म्हणजे पहिल्या हल्ल्याचं हत्यार हे तुमच्याच हिशोबातून सिद्ध झालं. मग ‘आम्ही आधी वापरणार नाही’ म्हणणाऱ्या भारताने ते का घ्यावं? बीजिंगमध्ये बसलेला माणूस आपल्या शब्दावर विश्वास ठेवेल की आपल्या क्षेपणास्त्रावर? मी तर उत्तरात सरळ लिहिणार की यामुळे प्रदेशातली स्पर्धा वाढते. पाकिस्तानने 2017 मध्ये अबाबील क्षेपणास्त्राची चाचणी करून एमआयआरव्हीचा दावा केलाच आहे, 2023 मध्ये पुन्हा चाचणी केली. आणि त्यांनी कारण काय दिलं? भारताची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा. म्हणजे मॉस्कोचीच गोष्ट पुन्हा.

पांझराकाठ

दादा, तुमचा आक्षेप खरा आहे आणि तो उत्तरात यायलाच हवा. एकतर्फी कौतुक लिहिणाऱ्याला मी तरी कमीच गुण देईन. पण हिशोबात मी एक अट घातली होती ती पुन्हा वाचा : ‘सगळी सायलोत’. ती अट काढली की गणित बदलतं.

अग्नी-5 कॅनिस्टरमध्ये, म्हणजे बंद नळकांड्यात असतं आणि रस्त्यावरच्या वाहनावरून हलतं. कॅनिस्टरमधून पहिली चाचणी जानेवारी 2015 ची. शत्रूला ते कुठे आहे हे ठाऊक नसेल तर आधी मारून आमचं सगळं संपवीन अशी खात्री त्याला मिळत नाही. आयएनएस अरिहंत या आपल्या अण्वस्त्रवाहू पाणबुडीने पहिली गस्त पूर्ण केल्याचं नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर झालं, तशीच दुसरी पाणबुडी, आयएनएस अरिघात, ऑगस्ट 2024 मध्ये नौदलात आली. पाणबुडीचं वाक्य वर लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी.

दुसरी बाजू आकड्यांची. सिप्री या शस्त्रास्त्रांचा अभ्यास करणाऱ्या स्टॉकहोमच्या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी 2025 मध्ये भारताकडे साधारण 180 वॉरहेड होती, चीनकडे 600. शेकडो लक्ष्यं आधीच उद्ध्वस्त करायला जे लागतं ते आपल्याकडे नाही आणि 4 जानेवारी 2003 च्या आपल्या अण्वस्त्र धोरणाचा तो हेतूही नाही. धोरणाचे शब्द आहेत ‘विश्वासार्ह किमान प्रतिरोधन’. आपण आधी वापरणार नाही. आपल्यावर किंवा कुठेही असलेल्या आपल्या सैन्यावर अण्वस्त्र पडलं तर प्रत्युत्तर प्रचंड आणि असह्य हानी करणारं असेल. त्याचा निर्णय फक्त मुलकी राजकीय नेतृत्व घेईल, अण्वस्त्र कमांड प्राधिकरणामार्फत, ज्याच्या राजकीय परिषदेचे अध्यक्ष पंतप्रधान. जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला तर अण्वस्त्राने उत्तर देण्याची मुभा राखून ठेवलेली आहे. ही शेवटची ओळ निम्मी पोरं विसरतात.

आता यात एमआयआरव्ही कुठे बसतं? आधी मार खायचा हे आपण ठरवून बसलोय. पहिल्या हल्ल्यानंतर आपल्याकडे समजा 10 क्षेपणास्त्रं उरली. समोर त्यांची पाडणारी यंत्रणा उभी आहे. 10 वॉरहेड येणार असतील तर ती सगळी अडवू असं त्याला वाटू शकतं, आणि तसं वाटलं की आपला धाक संपला. तीच 10 क्षेपणास्त्रं प्रत्येकी तीन-चार वॉरहेड आणि सोबत फसवी डिकॉय घेऊन आली तर? सगळी अडवीन असं कुठलाही सेनापती आपल्या सरकारला छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ‘त्यामुळे’च्या आधी लिहायचं ते हे. किमान साठ्यातून, मार खाल्ल्यानंतरही, उत्तर पोहोचेल याची समोरच्याला खात्री.

तीन-चार हा आकडा मी हिशोबापुरता घेतला. अग्नी-5 वर किती वॉरहेड, हे सरकारने जाहीर केलेलं नाही. गाईडमधला ‘10’ किंवा ‘12’ उत्तरात लिहू नका.

अमळनेरकर

मान्य, पण पूर्ण नाही. फिरतं वाहन आणि पाणबुडी यांनी स्थैर्य येतं, एमआयआरव्हीने नाही. एमआयआरव्हीने जे येतं ते अचूकता आणि संख्या. पुढच्या 20 वर्षांत साठा वाढला तर तुमची ‘आकडा लहान आहे’ ही बाजू पडते.

पांझराकाठ

बरोबर बोललात, ती पडते. म्हणून ‘किमान’ या शब्दाला धरून राहणं हाच एमआयआरव्ही बाळगणाऱ्या देशाचा खरा कस आहे असं माझं मत. उत्तरात ते मत म्हणून लिहा, वस्तुस्थिती म्हणून नको.

धाकाबद्दल एक राहिलं. आबांच्या गोफणीची दोरी सुटताना फटाक्यासारखा आवाज व्हायचा. निम्म्या वेळा गोफणीत खडाच नसायचा, नुसत्या आवाजाने पाखरं उठायची. मी विचारलं, मग खडे कशाला वेचायचे? आबा म्हणाले, ‘कधीमधी खडा बी जावाले जोयजे, नही ते पाखरं हसतस.’ अण्वस्त्राचा खडा कधीच जाऊ नये, हीच तर सगळी धडपड. मग समोरच्याला खडा आहे हे कळणार कसं? चाचणीतून, गस्तीवरच्या पाणबुडीतून, लिहून जाहीर केलेल्या धोरणातून. 11 मार्च 2024 ची चाचणी लपून झाली नाही, खुद्द पंतप्रधानांनी त्याच दिवशी जाहीर केली. प्रतिरोधन हा शब्द अवघड वाटत असेल तर ‘वचक’ म्हणा. वचक समोरच्याच्या मनात असतो, आपल्या कोठारात नाही. म्हणून तो गुपचूप ठेवून चालत नाही.

भुसावळ जंक्शन

सर, फिरत्या वाहनावरून आठवलं. सप्टेंबर 2025 मध्ये अग्नी-प्राइम रेल्वेवरच्या लाँचरवरून सोडलं ना? आमच्या स्टेशनवरून दिवसाला किती मालगाड्या जातात ते आम्ही लहानपणी पुलावर उभे राहून मोजायचो, मोजणी कधी पुरी व्हायची नाही. त्यातल्या एका डब्यात काय आहे हे वरून उपग्रहाला कसं कळणार, असा विचार आला.

पांझराकाठ

भाऊ, पिनाकाचे गेलेले गुण इथे परत मिळवलेस. हेच लिही, रेल्वेचं जाळं जेवढं पसरलेलं तेवढं शोधणं अवघड. फक्त अग्नी-प्राइमचा पल्ला 1000 ते 2000 किलोमीटर आहे आणि दिव्यास्त्र चाचणी अग्नी-5 ची होती, ही सरमिसळ करू नको.

रावेरची केळीबाग

सर, सगळं वाचून रात्री पुन्हा लिहून बघितलं. तपासाल का?

‘एमआयआरव्ही म्हणजे एकाच बॅलिस्टिक क्षेपणास्त्रातून अनेक वॉरहेड वेगवेगळ्या लक्ष्यांवर स्वतंत्रपणे सोडण्याचे तंत्र. भारताने 11 मार्च 2024 रोजी अग्नी-5 वर त्याची यशस्वी चाचणी केली. भारताचे धोरण प्रथम वापर न करण्याचे असल्याने पहिला हल्ला सोसून उरलेल्या मोजक्या क्षेपणास्त्रांनी उत्तर द्यावे लागेल. शत्रूकडे क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा असल्यास हे उत्तर अडवले जाण्याची शक्यता असते. अनेक वॉरहेड व डिकॉय यांमुळे ती यंत्रणा अपुरी पडते, त्यामुळे मर्यादित साठ्यातही प्रत्युत्तर विश्वासार्ह राहते. मात्र सायलोतील एमआयआरव्ही पहिल्या हल्ल्याचा मोह वाढवतात, हे शीतयुद्धाच्या अनुभवावरून दिसते. म्हणून कॅनिस्टर, रेल्वे लाँचर व अरिहंत वर्गाच्या पाणबुड्या यांची जोड आवश्यक ठरते. पाकिस्तानच्या अबाबीलमुळे प्रादेशिक शस्त्रस्पर्धेचा धोकाही आहे. अरिहंतवरील एमआयआरव्हीमुळे भारताचे त्रिदल पूर्ण झाले आहे.’

पांझराकाठ

ताई, ‘त्यामुळे’भोवती आता गोल काढायची गरज नाही, तिथे बरोबरची खूण केली आहे. शेवटचं वाक्य तेवढं काढा. अरिहंतवर के-15 हे क्षेपणास्त्र आहे, पल्ला 750 किलोमीटर, त्यावर एमआयआरव्ही नाही. त्या जागी ‘जमीन, हवा व समुद्र या तिन्हींतून प्रत्युत्तराची क्षमता’ एवढंच लिहा. बाकी 150 शब्दांत बसतंय, 10 पैकी 6 देईन. सोमवारी अभ्यासिकेत सगळ्यांना वाचून दाखवतो, नाव न घेता.